मान मागं वळेना झाली तेव्हा

जूनमधी पावसाला सुरुवात झालेली तेव्हाची गोष्ट. बेळगावात उद्यमबागेतनं शिफ्ट सुटून वडगावला घरी येत होतो, खानापूर रोडला पुढचा टेम्पो थांबला म्हणून मी पण ब्रेक मारला आणि मागनं कारवाल्यानं ठोकलं. पडलो पण नाही. मान एकदा मागं गेली आणि झटक्यात पुढं आली, एवढंच. तो सॉरी म्हणाला, मी असू दे की म्हणालो, घरी येऊन जेवून झोपलो. सकाळी उशीवरनं डोकंच उचलेना, दोन्ही हातानं धरून नारळ उचलल्यासारखं उचललं.

एक्स-रे काढला, हाड शाबूत. हाताला मुंग्या आहेत काय, चक्कर येते काय, डॉक्टरांनी सगळं विचारलं, तसलं काय नव्हतं. व्हिपलॅश म्हणाले, म्हंजे मानेच्या स्नायूंना झटका बसलाय. गोळ्या दिल्या आणि मऊ पट्टा, तो पण दोन-तीन दिवसच घाल म्हणाले. मी भीतीनं दहा दिवस घातला, काढल्यावर मान लाकडासारखी.

तेवढ्यात आईचं सुरू, "असंच बसून काय करूलालास, चोळून घे की कुणाकडनं तरी." गेलो एका चोळणाऱ्याकडं. नाव सांगत नाही, माणूस चांगला आहे, पण कोपर लावून असं रगडलं की दुसऱ्या दिवशी जेवताना घास गिळायला पण त्रास. ते एकदाच.

मग कामावरच्या एकानं फिजिओथेरपीच्या मॅडम सांगितल्या. त्या पक्क्या कन्नड, माझं कन्नड बाजारापुरतं. पहिल्याच दिवशी त्यांनी आकड्यांवर ठरवून टाकलं, शून्य म्हंजे दुखत नाही, दहा म्हंजे सहन होत नाही. दाबताना विचारायच्या, "एष्टु?" म्हंजे किती. मी "ऐदु", म्हंजे पाच, म्हणालो तर चालू, "आरु", म्हंजे सहा, म्हणालो की लगेच हात हलका. आधी दहा मिनिटं गरम शेक, मग खांद्यावरचा जाड स्नायू, मग पाठीच्या फऱ्यापासनं मानेत जातो तो, तिथं गाठ लागली की घासायचं नाही, बोट ठेवून नुसतं धरून बसायचं, अर्ध्या-एक मिनिटात ती आपोआप सैल पडते. आणि कवटीच्या खाली मागं जे दोन खड्डे असतात ना, तिथं बोटं टेकवली तेव्हा उजव्या डोळ्यामागं ठणका लागला. तोच ठणका! पंधरा दिवस मी डोकेदुखीच्या गोळ्या खात होतो आणि मूळ सगळं मागं.

पण खरी गंमत पुढं. पहिली चार सिटिंग झाली, टेबलावरनं उठलो की मस्त वाटायचं आणि सकाळी परत तेच. मी तक्रार केली तर मॅडम म्हणाल्या, व्यायाम केलास काय? नाही केला. मालिशनं मान काही तास मोकळी होते, त्या तासात हलवली नाहीस तर ती परत धरणारच, माझ्या हातात तेवढंच आहे. म्हंजे जाम बोल्टला तेल सोडून पाना लावायचाच नाही, तसलं माझं चाललेलं. मग सुरू केलं, हनुवटी आत ओढून डबल चिन, डावी-उजवी वळवणं, खांदे मागं, दहा-दहा वेळा, दिवसातनं चारदा.

आम्हा मशीनवाल्यांना मापाशिवाय चैन नाही. स्टूल एका जागी ठेवून दर रविवारी मान वळवायची, नाकाची सरळ रेघ भिंतीवर जिथं जाईल तिथं इन्सुलेशन टेपचा तुकडा. पहिल्या दोन टेप जवळजवळ एकावर एक. व्यायाम सुरू केल्यावर वीतभर पुढं. मधी एकदा आठवडाभर ओव्हरटाइम केला, खाली वाकून जॉब बघत, तर टेप उलटी मागं आली, तेवढं वाईट वाटलं.

अजून एक. त्याच दिवसात केस कापायला गेलो, कटिंग झाल्यावर त्यानं सवयीनं डोकं आणि हनुवटी धरली, कडाक करायला. मी खुर्चीतनं उडीच मारली. असल्या झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी फाटून स्ट्रोकपर्यंत जाऊ शकतं, क्वचित होतं पण होतं, हे मॅडमनी दोनदा बजावलेलं. तो बिचारा कापड हातात धरून बघतच राहिला.

बारा सिटिंग झाली, एकाचे तीनशे. आता गाडीवर मागं वळून बघता येतं, डावीकडं थोडं कमी, थंडीत सकाळी जास्तच. नक्की किती कमी ते सांगितलं असतं, पण गणपतीला आईनं भिंत पुसताना सगळ्या टेप ओढून काढल्या.