नुसतं ‘समाजसेवा करावी’ लिहून भागत नाही

आजचा दिवस समाजसेवेच्या आदेशांतच गेला. बाल न्याय कायदा २०१५च्या कलम १८खाली बाल न्याय मंडळ गुन्हा केलेल्या मुलाला असा आदेश देऊ शकतं. नियमांनुसार १४ वर्षांवरच्या मुलाला बागेची निगा, वृद्धांची सेवा, दवाखान्यात मदत अशी कामं देता येतात. पण आदेशात ठिकाण, वार, तास आणि हजेरीवर सही कुणाची हे हवंच, तेही शाळेची वेळ सोडून. नाहीतर पोरगा झाडू घेऊन उभा आणि माळी विचारतो, “तुला कुणी पाठवलं रे?” तिथे गुन्ह्याचा उच्चारही नको, कलम ७४ ओळख उघड करू देत नाही.

दंड पालकांनाही भरायला लावता येतो. मात्र समजा मुलाने सायकल चोरली, तर ज्याची ती होती त्याला त्याने कमवून भरपाई द्यावी असा पर्याय कलम १८च्या यादीत नाहीच. मला हे खटकतं.