तिसऱ्या हप्त्याची ओळ

तात्यांनी भिंग उचललं आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. "ताई, ह्यो आकडा चार म्हनायचा का पाच?"

जुलै २०२५. साखर कारखान्याच्या शेती विभागाचा हॉल, बाहेर पावसाची झड. येत्या गाळप हंगामासाठी ऊसतोडणी आणि वाहतुकीचे करार चालू होते. ट्रॅक्टरमालक, त्यांचे जामीनदार, गट ऑफिसचे, म्हणजे गावागावांतल्या कारखान्याच्या शाखांचे, कारकून अशी पन्नासेक माणसं ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून बसली होती. करार छापणारं सॉफ्टवेअर आमच्या पुण्याच्या छोट्या टीमचं होतं आणि त्यातला कागद तयार करणारा भाग माझा. म्हणून मी आले होते.

हा कागद साधा नसतो. वाहनमालक कारखान्याकडून लाखांत उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो, ती मुकादमाला देतो, मुकादम टोळीतल्या कोयत्यांना, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांना, वाटतो. दिवाळीच्या सुमाराला टोळी आलीच नाही, तर सगळी रक्कम वाहनमालकाच्या अंगावर येते. त्यापायी ट्रॅक्टर विकलेली, शेत गहाण पडलेली माणसं त्याच हॉलमध्ये बसली होती. तात्या ओळ न् ओळ वाचत होते ते उगीच नाही.

मी कागद हातात घेतला. उचलीच्या हप्त्यांचा तक्ता तिसऱ्या पानाच्या तळाशी होता आणि तिसऱ्या हप्त्याची ओळ आडवी कापली गेली होती. आकड्यांचं वरचं अर्धं अंग तिसऱ्या पानावर, खालचं चौथ्या पानाच्या माथ्यावर. वरून पाहिलं तर ४ आणि ५ दोन्ही सारखेच उघडे दिसतात.

"एकूण रक्कम वर अक्षरी दिली आहे, तात्या. वजाबाकी केली की कळतं," मी म्हणाले.

"मला कळंल. मी नसल्यावर पोरानं वजाबाकी करत बसायचं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओळ का कापली गेली ते मात्र मला तत्क्षणी कळलं होतं.

आदल्या हिवाळ्यात आमच्यात वाद झाला होता: कराराची पीडीएफ सर्व्हरवर बनवायची की वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये? ब्राउझरच्या बाजूनं मी भांडले होते. गट ऑफिसांत नेटवर्क जातं-येतं, आमचा सर्व्हर लहान, आणि हंगामाच्या तोंडावर सगळे एकदम छापायला बसणार. कागद जागच्या जागी तयार झाला तर कुणाचं अडणार नाही, असं माझं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं, पण त्यात मी फक्त वेगाचा आणि खर्चाचा विचार केला होता.

पहिला दणका देवनागरीनं दिला. आम्ही ब्राउझरमध्ये पीडीएफ बनवणारी जेएसपीडीएफ ही तयार कोडची लायब्ररी घेतली होती. ती अक्षरं ज्या क्रमानं साठवलेली असतात त्याच क्रमानं एकामागून एक मांडत जाते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, दिसायला हवी त्याच्या आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढायला हवा. जोडाक्षरांना फॉन्टमधली वेगळी आकृती लागते. हे सगळं जुळवणारं इंजिन तिच्यात नव्हतं. करारात पहिल्याच परिच्छेदात येणारं 'लिहून देणार' आमच्या कागदावर 'लहिून देणार' झालं, आणि 'वर्ष'मधला र पाय मोडून उभा राहिला.

त्यावर मी पळवाट काढली. ब्राउझर पडद्यावर मराठी बिनचूक दाखवतो, तर त्या पडद्याचंच चित्र काढायचं आणि पानाच्या उंचीचे तुकडे करून पीडीएफमध्ये चिकटवायचे. अक्षरं सुंदर आली. पण चित्राला ओळ म्हणजे काय हे माहीत नसतं. सुरी जिथे पडेल तिथे पान तुटतं. शिवाय चित्राची रुंदी पडद्यावर अवलंबून, त्यामुळे प्रत्येक यंत्रावर सुरी वेगळ्या जागी पडते. माझ्या लॅपटॉपवर ती दोन कलमांमधल्या मोकळ्या जागेत पडत होती. गट ऑफिसातल्या फोनवर ती तिसऱ्या हप्त्यावर पडली.

कारकुनानं चटकन टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून तोच करार पुन्हा छापला. ओळ अखंड आली. हॉलमध्ये सगळ्यांना हायसं वाटलं. फक्त कारखान्याचे वकील दोन्ही प्रती शेजारी ठेवून पानं उलटत राहिले. एकच करार क्रमांक, पण चौथं पान एका प्रतीत एका कलमानं सुरू होत होतं, दुसरीत दुसऱ्या. आणि पहिल्या प्रतीवर जामीनदाराच्या पानोपानी सह्या होऊन गेल्या होत्या.

"मॅडम, यातला करार कुठला?" त्यांनी विचारलं. "तुमच्याकडे जतन केलाय तो दाखवा."

"आमच्याकडे माहिती आहे, सर. नाव, रक्कम, हप्ते, मसुद्याचा क्रमांक. त्यावरून पीडीएफ पुन्हा तयार होते."

"पुन्हा तयार झालेली नको. सही झालेली कुठाय?"

ती नव्हती. ती कारकुनाच्या फोनमध्ये तयार झाली आणि प्रिंटरमधून बाहेर पडली. आमच्यापर्यंत आलीच नव्हती. वकिलांनी शांतपणे सांगितलं, की भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर प्रमाणपत्र लागतं आणि त्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधून गणितानं काढलेला तिचा ठसा, लिहावं लागतं. "फाइलच नाही, तर हॅश कशाचं लिहिणार?"

मी बाजूला बसून आधी छापलेले सगळे करार तपासायला घेतले. दुपारपर्यंत आणखी वाईट सापडलं. नेटवर्क नसतानाही चालावं म्हणून आमचं पान फोनमध्ये साठवून ठेवण्याची सोय मीच केली होती. एका गट ऑफिसातल्या फोनवर त्यामुळे आठवड्यापूर्वीचा मसुदा तसाच राहिला होता. त्यावरून निघालेल्या तीन करारांत बिलातून उचल कापून घेण्याचं कलम जुनं होतं. माणसांनी सह्या केल्या होत्या. त्या कलमावर त्यांचा सबंध हंगाम चालणार होता.

मुख्य शेती अधिकाऱ्यांना मी हे सांगितलं आणि सह्या थांबवायची विनंती केली. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी थांबवल्या. बॉण्डचे खर्च वाया गेले. लांबून आलेली माणसं चहा पिऊन पावसात परत निघाली. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुढचे आठ दिवस आम्ही फक्त हेच केलं. मसुदा एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या भाषेत, ठेवला आणि पीडीएफ सर्व्हरवर चालणाऱ्या क्रोमियम या ब्राउझरनं बनवायची असं ठरवलं. त्यात हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं इंजिन असतं, त्यामुळे वेलांटी, रफार आणि 'वाहतूक करणाऱ्या'मधला ऱ्य, सगळं नीट बसतं आणि चित्र न राहता शोधता येणारा मजकूर राहतो. तक्त्यातली ओळ पानावर तुटू नये ही सूचना एका ओळीत देता येते. फॉन्ट आम्ही सोबत बांधून दिला, नाहीतर कोऱ्या सर्व्हरवर मराठीच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. सर्व्हरचं घड्याळ भारतापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत निघालेल्या कराराला आदल्या दिवसाची तारीख लागली असती. तेही दुरुस्त केलं. क्रोमियम मेमरी फार खातो, म्हणून करार रांगेनं, एका वेळी दोनच. फाइल तयार झाली की लगेच एसएचए-२५६ या पद्धतीनं तिचं हॅश काढायचं आणि फाइल, हॅश, मसुद्याचा क्रमांक हे तिन्ही एकत्र जतन करायचं. हॅश त्याच फाइलमध्ये छापता येत नाही, कारण छापलं की फाइलच बदलते. म्हणून त्याची वेगळी पावती.

गट ऑफिसची अडचण खरीच होती, ती तशीच टाकून चालणार नव्हतं. तिथे नेटवर्क नसलं तरी माहिती भरता येते, वाचायला प्रतही निघते, पण तिच्यावर आडवं, मोठं 'मसुदा' असतं. बॉण्डवर जाणारा कागद मात्र सर्व्हरवरूनच येतो. त्यासाठी अर्धा तास थांबावं लागलं तर थांबायचं. वजनाची पावती अजूनही ब्राउझरमध्येच बनते आणि ती तिथेच राहू द्यावी असं माझं मत आहे. तिच्यावर दुसऱ्या बाजूची सही नसते आणि काट्यावरची नोंद वेगळी असतेच.

नवव्या दिवशी तात्या जामीनदाराला घेऊन परत आले. मी नवा करार समोर ठेवला आणि आधी हप्त्यांचा तक्ता दाखवला. तिसरा हप्ता, पाच लाख, अखंड ओळीत. त्यांनी मान हलवली, पानं परत पहिल्यावर आणली आणि भिंग काढलं.

"तात्या, मागच्या खेपेला वाचलंय की सगळं," कारकून म्हणाला. मागे रांग होती.

"त्यो कागद निराळा हुता," तात्या म्हणाले आणि 'लिहून घेणार'पासून वाचायला लागले.