कोलेस्टेरॉलची धास्ती आणि रक्तदाबाकडे दुर्लक्ष

अनेक वर्षे माझ्या फाइलमध्ये लिपिड प्रोफाइलचे, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल आणि इतर मेदांच्या तपासणीचे, अहवाल तारखेनुसार लावलेले असत. रक्तदाबाचा आकडा मात्र मी कुठेही टिपून ठेवला नव्हता. पक्षाघात म्हणजे मेदाने तुंबलेली रक्तवाहिनी, असे समीकरण डोक्यात पक्के बसले होते आणि ते अर्धेच खरे होते.

पक्षाघातात मेंदूकडे जाणारी वाहिनी एक तर बंद होते किंवा फुटते. कोलेस्टेरॉलचा संबंध मुख्यतः बंद होण्याशी आहे. मानेतल्या कॅरोटिड धमनीसारख्या मोठ्या वाहिनीच्या भिंतीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, साचत जाते, त्या थराला तडा गेला की तेथे रक्ताची गुठळी धरते आणि तिचा तुकडा वाहत जाऊन मेंदूत अडकतो. अनियमित ठोक्यांमुळे हृदयात तयार झालेली गुठळीही हाच अनर्थ घडवते, पण तेथे कोलेस्टेरॉलला फारसा दोष देता येत नाही.

रक्तदाबाचे तसे नाही. वाढलेला दाब मोठ्या धमनीच्या आतल्या अस्तराला इजा करतो, त्यामुळे एलडीएलला भिंतीत शिरणे सोपे जाते; म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कामालाही तोच हातभार लावतो. मेंदूच्या खोल भागातील केसासारख्या बारीक धमन्यांवर तर तो थेट घाव घालतो. त्यांच्या भिंती जाड होऊन त्या बंद पडतात किंवा कमकुवत होऊन फुटतात. सुमारे 10 लाख प्रौढांची माहिती एकत्र करून 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की, 40 ते 69 या वयात वरचा दाब 115 च्या पुढे दर 20 अंकांनी वाढला की पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका दुपटीहून अधिक होतो. 115 हा आकडा वाचून मी थबकलो, कारण 130 ला मी बिनधास्त ‘नॉर्मल’ म्हणत आलो होतो.

त्याच संशोधकांनी 2007 मध्ये कोलेस्टेरॉल तपासले, तेव्हा पक्षाघाताच्या एकूण मृत्यूंशी त्याचा तितका स्पष्ट संबंध आढळला नाही. यावरून कोलेस्टेरॉल निर्दोष ठरवण्याची घाई मात्र करू नये. पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका नुकताच येऊन गेलेल्या रुग्णांना 80 मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध दिलेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2006 मध्ये आले, पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण पाच वर्षांत 11.2 टक्के राहिले, तर औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ते 13.1 टक्के होते. रक्तस्रावाचे पक्षाघात मात्र किंचित वाढले. गोळी एकच, पण वाहिनी बंद होणे आणि फुटणे या दोहोंवर तिचा परिणाम सारखा नव्हता. दोन्ही प्रकार एकाच बेरजेत घातले की कोलेस्टेरॉलचा वाटा का पुसट होतो, हे मला या आकड्यांवरून उमगले.

आता रक्तदाबाची वेगळी वही आहे. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मी दाब मोजतो, आणि तेवढा वेळ बोलत नाही, कारण नुसत्या गप्पांनीही आकडा वर सरकतो.