रॉटरडॅमची पट्टी

द्राक्ष निर्यातीवर लिहिणारे बहुतेक जण रेसिड्यूपासून, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधांच्या अंशांपासून, सुरुवात करतात. मी ते सगळं गाळते आहे. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर, बागेची नोंदणी, लॅबचा रिपोर्ट, पॅकहाऊसची मान्यता, फायटो (माल कीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला), कस्टम ही वाट मळलेली आहे. निफाड-दिंडोरीत ती सांगणारा माणूस दर दुसऱ्या गावात भेटतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांवरून युरोपात आपला माल अडकला, तेव्हापासून तर शेतकरीच लॅबवाल्याची उलटतपासणी घेतात. मला लिहायचंय ते माल तिकडे, रॉटरडॅम बंदरात, उतरल्यानंतरच्या भागाबद्दल. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचा गट लहान, निफाड तालुक्यातला. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्या गळ्यात, कारण लग्नाआधी मी पुण्यात एका कंपनीच्या खरेदी विभागात होते. २०२४ च्या हंगामात आम्ही पहिल्यांदा मधल्या निर्यातदाराला बाजूला ठेवून थेट हॉलंडच्या एका आयातदाराला माल दिला. त्यांचा माणूस जानेवारीत बाग बघून गेला. चहा यायच्या आत त्याने भाव काढला, आणि पॅकहाऊसमध्ये बायकांसमोरच म्हणाला की तुमचं प्री-कूलिंग, म्हणजे काढलेला माल थंड करणं, हळू आहे. ते खरं होतं, आम्ही पंखे वाढवले. करार झाला, उचल मिळाली, पहिला कंटेनर सुरळीत गेला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

व्यवहार कन्साइनमेंटचा होता. म्हणजे आधी उचल, माल तिकडे विकला गेला की कमिशन, कोल्ड स्टोरेज, वाहतूक, रिपॅकिंग वजा करून पट्टी, म्हणजे हिशोब आणि उरलेले पैसे. मुंबई मार्केटला माल पाठवलेल्या जुन्या माणसांना हे नवं नाही. फरक एवढाच की मुंबईला रात्रीतून गाडीत बसून जाता येतं आणि शेठच्या गादीसमोर ठिय्या मारता येतो.

दुसरा कंटेनर फेब्रुवारीअखेर न्हावा शेवाहून निघाला. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू होते, त्यामुळे बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जात होत्या. सुमारे दोन आठवडे जास्त. शून्याच्या आसपास तापमान, पेटीत बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा पॅड, सगळं असलं तरी द्राक्ष ते द्राक्ष. देठ सुकतो, मणी सुटतात.

एप्रिलमध्ये मेल आला. त्यात एक तक्ता. पॅलेटचा (पेट्या रचलेल्या फळीचा) नंबर, कूज, मणी गळ, देठाचा रंग, खाली फोटो. फोटोंच्या खाली दोन ओळी: माल पहिल्या वर्गाचा नाही, निवडून पुन्हा भरावा लागेल, पट्टीतून एवढी रक्कम वजा होईल. ती रक्कम वाचून मी फोन उलटा ठेवला. मेलला ना नमस्कार, ना खुशाली. खाली सही त्यांच्या क्वालिटी विभागातल्या एका मुलीची, नुसत्या पहिल्या नावाने.

नानांना, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांना, मी तक्ता वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "सूनबाई, ही पोरगी मालकाची कोण?"

कोणी नव्हती. नोकरीला होती. नाना म्हणाले, मग मालकाशी बोल.

तेच मी केलं, आणि कुणीही तेच केलं असतं. आपल्याकडे वजनावर, प्रतीवर हाताखालचे लोक भांडतात आणि शेवटी शेठ म्हणतो, "जाऊ द्या, निम्मं धरा." मी मालकाला सविस्तर पत्र लिहिलं. बोटीचा वळसा, अवकाळी, सोसायटीचं कर्ज, पहिल्या कंटेनरचा चांगला अनुभव, पुढची दहा वर्षं एकत्र काम करायची इच्छा. पत्र चांगलं होतं, आजही वाचलं तर मला आवडतं. मालकाने व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला आणि पत्र त्या मुलीकडे पाठवून दिलं. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. एकच प्रश्न: कोणत्या पॅलेटबद्दल तुमची हरकत आहे आणि का?

मला ते तोंडावर दार लावल्यासारखं वाटलं. मी पुन्हा मालकाला लिहिलं. पुन्हा पत्र तिच्याकडे. मग फोन केला. माणूस अगदी मोकळेपणाने बोलला, द्राक्ष गोड होती म्हणाला, पण पैशाचा विषय निघाला की एकच, "तो तिचा निर्णय आहे, तिच्याशी बोला." मला वाटलं टाळतोय. आमच्या गटातल्या एकाचा मुलगा राहुरीला शेतीच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करतो. तो म्हणाला, टाळत नाहीये काकू, तिकडे असंच चालतं. हॉफस्टेड नावाच्या डच माणसाने आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांची उत्तरं ताडून आकडे काढले होते. वरच्याचा शब्द किती चालतो, त्यात भारत ७७ आणि नेदरलँड म्हणजे हॉलंड ३८. नाना म्हणाले, आकडा कशाला काढायचा, आमच्या सोसायटीच्या चेअरमनसमोर दहा मिनिटं बसवायचं त्याला.

आकडा काही असो, आमचे पैसे अडकले होते. आणि आता सुट्ट्या लागल्या.

ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं, म्हणून ठळक लिहिते. एप्रिलच्या शेवटापासून मे संपेपर्यंत हॉलंडमध्ये कामाची अपेक्षा ठेवू नका. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस, मग शाळांची मेची सुट्टी, त्यात त्या वर्षी ९ मेला येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. ती गुरुवारी येते, म्हणजे शुक्रवारही गेला. तो शुक्रवार १० मे, आमची अक्षय्य तृतीया. गटातल्या दोन घरी लग्नं, आणि ज्यांचं देणं होतं त्यांना "आखाजीला देतो" म्हणून सांगितलेलं. २० मेला त्यांच्याकडे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार, म्हणजे सुट्टी, आणि त्याच दिवशी आमच्याकडे लोकसभेचं मतदान. शिवाय ही मुलगी बुधवारी कामावरच नसते. तिकडे आठवड्यातून चारच दिवस काम करणारे पुष्कळ आहेत आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. मेल टाकला की लगेच उत्तर येई, मी उघडे, तर आपोआप आलेला निरोप: मी अमुक तारखेला परत येईन. तातडीचं असेल तर कुणाला गाठायचं याचा पत्ताही खाली असे. त्याला लिहिलं की तो कळवी, हा विषय तिचा आहे.

तोवर घरोघरी एकच प्रश्न, पट्टी आली का. नाशिक जिल्ह्यात व्यापारी शेतकऱ्यांचे पैसे घेऊन पळाल्याच्या कहाण्या इतक्या आहेत की उशीर झाला की माणसाच्या मनात पहिलं तेच येतं. मी किती समजावलं तरी उपयोग नव्हता, कारण मलाही आतून तेच वाटत होतं.

शेवटी वैतागून मी पॅकहाऊसचं रजिस्टर घरी आणलं. म्हटलं, हिला पॅलेटच हवेत ना. प्रत्येक पॅलेटच्या लेबलवरून तो माल कोणत्या प्लॉटचा हे मागे शोधता येतं, ग्रेपनेटचा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो. एकेक नंबर घेतला आणि तिच्या तक्त्यासमोर आमची बाजू लिहीत गेले. एका प्लॉटला काढणीआधी पाऊस लागला होता, मण्यांना तडे होते. तिथली कूज मान्य, असं सरळ लिहिलं. नानांना ते अजिबात पटलं नाही, कारण तो प्लॉट त्यांचा. दुसऱ्या एका प्लॉटचा माल पहिल्या कंटेनरमध्येही गेला होता आणि तिथे हिनेच तो पास केला होता; तो मुद्दा तिच्याच जुन्या रिपोर्टसकट लावला. काही पॅलेटवर तपासणीची तारीख कंटेनर उतरल्यानंतर बऱ्याच दिवसांनी होती; मधल्या दिवसांत माल कुणाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये होता, असं विचारलं. कंटेनरमधल्या टेम्परेचर रेकॉर्डरची फाइल मागितली. रिपॅकिंगचं बिल मागितलं. आणि पहिल्या वर्गात कमी प्रतीच्या मालाला वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत सूट असते, तर ती वजा न करता पूर्ण टक्केवारीवर कपात का, हेही लिहिलं. कर्ज, पाऊसपाणी, दहा वर्षांची मैत्री यातलं काहीही लिहिलं नाही. वर "नमस्कार" मात्र ठेवला, तो मी काढणार नव्हते.

गुरुवारी दुपारी मेल पाठवला. संध्याकाळी उत्तर. उशिरा तपासलेले पॅलेट ती सोडायला तयार होती, पास झालेल्या प्लॉटचेही. दहा टक्क्यांचा मुद्दा तिने अर्धाच मान्य केला. कुजेसाठी इतकी मोकळीक नसते, हे तिचं म्हणणं बरोबर होतं, मी नियम काढून पाहिला. कपात निम्म्याहून खाली आली. दोन ओळी, खाली पहिलं नाव. एवढे आठवडे आम्ही जीव टांगणीला लावून बसलो आणि या बाईने चार तासांत पैसे सोडले, मालकाला विचारल्याचीही खूण नाही! आनंद झालाच, पण त्याहून जास्त चीड आली. हेच एप्रिलमध्ये फोन करून सांगता आलं नसतं का, की बाई, असं असं लिहा? तिला विचारलं तर म्हणाली, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

नाना आता तिला "आपली ती पोरगी" म्हणतात. मी अजून म्हणत नाही.

काही गोष्टी आठवतील तशा. फोन करायचा असेल तर मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात हे लक्षात ठेवा. आपलं अंतर साडेचार तासांवरून साडेतीनवर येतं, आणि नेमका तोच आपला हंगाम. फोनवर ठरलेलं त्याच दिवशी मेलवर मुद्देवार टाका, त्यांना त्यात अविश्वास दिसत नाही, उलट बरं वाटतं. भाव सांगताना वर चढवून सांगायची आपली सवय तिथे महागात पडते, कारण ते खाली ओढत बसत नाहीत, सरळ दुसऱ्याकडे जातात. आणि "बघू", "प्रयत्न करतो" असं लिहू नका; जमणार नसेल तर नाही लिहा, कुणी रुसत नाही.

करारात तपासणीची मुदत घालून घ्या: कंटेनर उतरल्यापासून इतक्या तासांत रिपोर्ट आला नाही तर तक्रार धरली जाणार नाही. पुढच्या करारात आम्ही ती घालून घेतली, आणि किमान हमी भावही, थोडा कमी धरून. वाद मोठा असेल तर मालाची तपासणी करणारा तिकडचा स्वतंत्र सर्व्हेअर नेमता येतो, पण तो माल विकला जायच्या आत आणि खर्च तुमचा, म्हणून कुणाला बोलवायचं हे बोट निघायच्या आधीच ठरवून ठेवावं लागतं.

आणि एक राहिलंच. प्रत्येक प्लॉटची एक पेटी पट्टी येईपर्यंत आपल्या कोल्ड स्टोरेजमध्ये तशीच ठेवा, तारखेची चिठ्ठी लावून. घरातली पोरं ती खाऊन टाकतात, तेव्हा किल्ली स्वतःकडे.