किती दिवस वाट पाहायची?

मंडळीत नव्या विश्वासणाऱ्यांना शिकवणारे, तरुणांचा अभ्यासगट चालवणारे अनेक जण मला एकच प्रश्न विचारतात : "ज्याच्यावर इतकी मेहनत घेतली, त्याच्यात काही फरकच दिसत नाही. किती दिवस थांबायचं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या 13व्या अध्यायातला अंजिराच्या झाडाचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, आधी वाचा. मालक तीन वर्षं फळ शोधत येतोय आणि झाड रिकामंच. तो म्हणतो, तोडून टाक, उगाच जागा अडवतंय. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. हा दाखला मुळात पश्चात्तापाविषयी आहे. त्याच्या जरा आधीच बुरूज कोसळून मेलेल्या 18 जणांचा विषय निघाला आहे, आणि तो संदर्भ मला पुसायचा नाही. पण कुणाला घडवू पाहणाऱ्याने त्या माळ्याकडे नीट बघावं. तो झाडाची वकिली करत नाही, फळ नाही हे नाकारतही नाही. मुदत मागतो आणि त्या मुदतीतलं काम स्वतःच्या अंगावर घेतो.

म्हणून मी उलट विचारते : या वर्षात तुम्ही काय वेगळं करणार आहात? तोच धडा पुन्हा, थोड्या चढ्या आवाजात, असं असेल तर ते खणणं नव्हे. त्या माणसाच्या घरात काय चाललंय, त्याला कशाची भीती वाटते, तो बोलायचा कधीपासून थांबला, हे तुम्हाला ठाऊक आहे का? बहुतेकदा इथेच उत्तर अडतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मार्कच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातला दाखला आहे, आणि तो फक्त मार्कमध्येच सापडतो. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी रुजतं, वाढतं; कसं ते त्याला कळत नाही. मला स्वतःला हा दाखला सगळ्यांत अवघड वाटतो. खणणं जमतं हो, पण निवांत झोपणं जमत नाही. रोज प्रगती विचारणारा, प्रत्येक निर्णयात मत देणारा मार्गदर्शक समोरच्याला देवाशी एकटं राहूच देत नाही.

आणि तुलना करू नका. मत्तयच्या 25व्या अध्यायात दासांना पाच, दोन आणि एक असं कमीजास्त धन मिळतं. पण पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धनी अगदी त्याच शब्दांत शाबासकी देतो.

येशूचे स्वतःचे शिष्य तरी कुठे लवकर शिकले? लोकांना दाखले सांगून झाल्यावर तो या बारा जणांना एकांतात सगळं उलगडून सांगत असे. तरी मार्कच्या आठव्या अध्यायात त्याला विचारावं लागतंच की, अजून तुम्हाला समजत नाही का? त्यांच्यातला पेत्र आपली ओळख नाकारणार हे माहीत असूनही येशूने त्याला काढून टाकलं नाही, त्याच्यासाठी प्रार्थना केली. येशूला पकडून देणारा यहूदाही त्याच बारांमध्ये होता, तेच ऐकत होता, आणि तो उठून गेला. इतका उत्तम गुरू असूनही असं झालं. तेव्हा कुणी निघून गेलं की सगळा दोष स्वतःकडे घेणाऱ्यांना मी हे मुद्दाम दाखवते.

राहिला सोडून देण्याचा प्रश्न. ज्याला जायचंय त्याला जाऊ द्या. लूकच्या 15व्या अध्यायातल्या दाखल्यात घर सोडून जाणाऱ्या धाकट्या मुलाने वाटा मागितला तेव्हा बापाने तो दिला, त्याच्या मागे धावला नाही. पण तो परतला तेव्हा मात्र धावला, आणि मुलाने ठरवून आणलेलं वाक्य पुरतं व्हायच्या आत त्याने झगा मागवला. तुमच्याकडून गेलेला उद्या दारात आला, तर इतके दिवस कुठे होतास हे त्या दिवशी तरी विचारू नका.