पद्मिनीतून हर्णै ते मालवण, खाडी खाडीने

बाबांची ८४ सालची प्रीमियर पद्मिनी कोकणात न्यायची असं तीन वर्षं नुसतं चाललं होतं, शेवटी या डिसेंबरात जमलं. मी, बाबा आणि गाडी. हायवे घ्यायचाच नाही, समुद्राकडेचा रस्ता आणि फेरीबोटी. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, चोक ओढून स्टार्ट, पन्नासच्या वर काटा जाऊच दिला नाही आणि त्यामुळे किनारा नीट बघायला मिळाला.

हर्णैला सुवर्णदुर्ग पाण्यात, आणि त्याच्यासमोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा किल्ला असे तीन. पुढे दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवताना बाबा पुढे उभे राहून "घे, घे, अजून घे" करत होते. बोट निघाली, खाडीच्या तोंडाकडे बघितलं तर त्या बाजूला अंजनवेलचा गोपाळगड. तवसाळची बोट धरली तर शास्त्री नदीच्या तोंडाशी जयगड. मग मुचकुंदी नदीवर पूर्णगड. लहानपणापासून हे किल्ले सुटे सुटे बघितलेले, पण दर खाडीला थांबत गेलं की कळतं हे सगळं एकाच विचाराचं आहे. गलबतातून आलेला माल खाडीतून आत बंदराला जायचा आणि तिथून घाट चढून देशावर, म्हणजे खाडीचं तोंड ज्याच्या ताब्यात त्याच्या हातात सगळा व्यापार.

जैतापूर सोडल्यावर सड्यावरच्या चढाला गाडी धापा टाकायला लागली आणि बंदच पडली. बाबा शांत. बॉनेट उघडलं, पंचा बाटलीतल्या पाण्यात भिजवून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर गुंडाळला, आणि म्हणाले पंधरा मिनिटं बस, आत पेट्रोलची वाफ झालीये. पंच्यातून वाफ निघताना दिसत होती. दुसऱ्या सेल्फला चालू.

विजयदुर्गाला मात्र आम्ही अख्खा दिवस दिला आणि तोही कमी पडला. तिहेरी तटबंदी, बुरुज असे बाहेर काढलेले की दोघांच्या मधली जागा कुठेच आंधळी राहत नाही. पण मला जास्त लागली ती वाघोटणच्या खाडीतली आंग्र्यांची गोदी, खडक फोडून केलेली. ओहोटी होती म्हणून आत उतरता आलं. दगडावर कालवं चिकटलेली, आणि त्यांच्या मधेमधे छिन्नीच्या खुणा, बोट फिरवलं की लागतात. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्हने हा किल्ला घेतला, तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथेच जळालं, आणि पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होते. वाचलेलं होतं सगळं, पण जिथे ती जहाजं दुरुस्तीला लागायची तिथे उभं राहून खूप वाईट वाटलं, खरंच. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत.

देवगड घाईत झालं, त्याला परत जाणार.

चौथ्या दिवशी मालवण. गाडी जेट्टीजवळ लावून होडीने सिंधुदुर्गाकडे निघालो. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी याचं काम सुरू केलं, पायात शिसं ओतलंय. समोर नुसता तट, जवळ जवळ येतोय तरी सलग तटच. "अरे, दरवाजा कुठाय?" बाबांनी विचारलं. होडीवाले काका हसले, काही बोलले नाहीत. होडी बुरुजाच्या अगदी पोटाशी गेली, वळली, आणि दोन बुरुजांच्या मधे दरवाजा दिसला.