गोकुळपेठेतलं बेसमेंट आणि तीन बँड

आज संध्याकाळी गोकुळपेठेत एका कॅफेच्या बेसमेंटमध्ये तीन बँड ऐकले. स्टेज म्हणजे एक सतरंजी, खुर्च्या प्लास्टिकच्या. कूलर लावला की त्याचीच घरघर माइकमध्ये, म्हणून तो बंद. मे महिन्यात, नागपुरात! तरी कुणी उठलं नाही.

छत बुटकं असलं की ड्रम्स सगळं गिळतात, त्यांना आवाज कमी करायचं बटण थोडीच असतं. पहिल्या बँडचा गायक ओठ हलवून राहिला होता, एवढंच दिसलं. दुसऱ्या बँडच्या पोरांनी डोकं लावलं. मोठ्या ड्रममध्ये उशी कोंबली, स्टिक्सऐवजी ब्रश घेतले, मॉनिटर स्पीकर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा, बरोब्बर माइकच्या पाठीमागे सरकवला. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून वाजणारी शिट्टी बंद, शब्द कळायला लागले. आणि त्यांचं स्वतःचं वऱ्हाडी गाणं, काय सांगू! तिसऱ्यांची हिंदी कव्हर्स बरी होती, पण ती तर लग्नातही ऐकतोच.

वसंतराव देशपांडे सभागृहात खुर्च्या मऊ आहेत, मान्य. पण तिथं मध्यंतरात गिटारवाला शेजारी येऊन "भाऊ, बास जास्त होऊन राहिला का?" असं विचारत नाही. मी म्हटलं, "थोडा." त्यानं खरंच कमी केला.

फक्त शंभराचं तिकीट दोनशे करा राजेहो, पोरांचे पेट्रोलचे पैसे तरी सुटतील.